पेन्सिलीने खोडलेला देवचार

आई, तुझ्या भुतांना भाव आला आहे. मस्करी नाही करत. गेल्या दिवाळीआधी दादाने मुळगावच्या घराचा माळा साफ करायला घेतला आणि मला फोन केला, "तुझ्या आवशीची पेटी रद्दीत घालू काय व्हरतंस?" आवस जणू माझ्या एकटीचीच. मी म्हटलं, हात लावू नको, मी नेते. पुढच्या रविवारी पेडण्याहून मी आणि माझी मुलगी गाडी घेऊन निघालो, म्हापशावरून अस्नोडा आणि तिथून मुळगाव. पेटी गाडीत ठेवताना दादा म्हणाला, "भितर भुतां आसत, रस्त्यार सांबाळ." बोलतो अगदी तुझ्यासारखा, पण तुझी पुस्तकं त्याने जन्मात उघडली नाहीत. माझ्या मुलीला तू पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा ती माझ्या पोटात होती आणि आता ती पर्वरीला नोकरीला जाते. तिने तुझी सगळी पुस्तकं हॉलमध्ये चटईवर मांडली, एकेकाचे फोटो काढले, आणि जुन्या कॉमिक्सच्या शौकिनांचा फोनवर एक गट असतो, त्यात टाकले. संध्याकाळपर्यंत तिचा फोन वाजायचा थांबेना. ही कुणाची, कुठे मिळाली, विकायची आहेत का. मी चहा गाळता गाळता हसत होते. अख्खा वाडा जिला भुतांची खुळी म्हणायचा, तिच्या पेटीवर पुण्या-मुंबईची माणसं तुटून पडली होती.

तुझं हे वेड कुठून आलं ते मला कधी कळलं नाही. डिचोलीच्या थिएटरात भुताचा सिनेमा लागला की तू गुरुवारपासूनच गिऱ्हाइकांचे ब्लाउज भराभर उरकायला लागायचीस आणि रविवारी दुपारच्या खेळाला मला घेऊन बसने निघायचीस. बाबा यायचे नाहीत. आठवडाभर खनिजाचा ट्रक चालवून त्यांची पाठ इतकी धरलेली असायची की सुट्टीच्या दिवशी त्यांना खुर्ची दिसली तरी नको वाटायचं. त्यांची आई उंबऱ्यात उभी राहून तुला ऐकवायची, "घरात भितंस ता पुरो नाय तुका? भिवक पैशे मोडूक जातंस!" आणि तू केसांत अबोली माळता माळता म्हणायचीस, "घरातल्या भयाक चव नाय गे मांय." थिएटरात अंधार झाला की बायका पदरात तोंड लपवायच्या, बाप्ये उगाच शिट्ट्या मारून आपण घाबरलो नाही असं दाखवायचे, आणि तू खारे वाटाणे चघळत, डोळे बारीक करून, नाकातल्या चमकीत दोष शोधणाऱ्या सोनारासारखी पडद्याकडे बघत असायचीस. मी तुझा दंड घट्ट धरलेला. मग तू माझ्या कानाशी येऊन विचारायचीस, "भुताक कित्या बघतंस? त्या खोलयेत दिवो कोणी लायलो ता बघ. भुताच्या आवशीन?" आणि भीतीच्या ऐन भरात मला हसू फुटायचं. आई, मी पेडण्याच्या कचेरीत एवढी वर्षं काढली ती या एका प्रश्नाच्या जोरावर. साहेब चढ्या आवाजात बोलायला लागले की मी अजून मनात दिवा कुणी लावला तेच शोधते.

सिनेमा सुटला की बसस्टँडजवळच्या स्टॉलवर त्याच सिनेमाचं कॉमिक टांगलेलं असायचं. वर सिनेमातला रंगीत फोटो, आत हाताने काढलेली चित्रं आणि मध्यावर घडी घातलेलं पोस्टर. तू ते बसमध्येच वाचायला घेतेस. मुळगाव यायच्या आत अर्धं होतं. "सिनेमात तीन मेले, हेंच्यात पाच," तू समाधानाने सांगतेस, "पैशे फिटले." घरी आलं की ते पुस्तक मशीनच्या खणात जायचं. आपल्याकडच्या हवेत पिना वर्षभरात गंजतात आणि गंज कागद खातो, हे तुला रद्दीवाल्याच्याही आधी कळलं होतं. म्हणून तू शिवण उसवायच्या टोकाने त्या पिना हलकेच उचकटून काढायचीस आणि पुस्तकाच्या पाठीवर मशीन मारायचीस. दोरा वेगळा असा कधी घातला नाहीस. त्या दिवशी ज्या ब्लाउजचा दोरा मशीनला असेल त्याच दोऱ्यात भूत शिवलं जायचं. परवा चटईवर ती पुस्तकं बघताना मी मुलीला बोट ठेवून सांगत होते, हा मोरपंखी म्हणजे बालवाडीच्या बाईंचा ब्लाउज, हा जांभळा म्हणजे माझ्या मावशीच्या लग्नाचा. तिला वाटलं मी बनवतेय.

एक दिवस मात्र तू माझ्यावर अशी चिडलीस की तसा राग मी पुन्हा बघितला नाही. शेजारच्या घरात एकटी म्हातारी राहायची, ती नहाण झाल्यावर पांढरे केस मोकळे सोडून अंगणात तांदूळ निवडत बसायची. मी अकरा वर्षांची असेन. तुझ्या पुस्तकांतलं एक चित्र तिच्याशी अगदी जुळलं आणि मी शाळेतून येताना चार पोरींच्या देखत ‘हडळ गे हडळ’ म्हणून ओरडले. तू दारातच होतीस. मला मारलं नाहीस. हात धरून आत नेलंस आणि म्हणालीस, "पुस्तकातला भूत पुस्तकात ऱ्हवांदे. जित्या माणसाक नाव घालू नको." शिक्षा अशी की महिनाभर रोज सकाळी पाववाल्या पोदेराकडचे दोन उंडे तिला नेऊन द्यायचे आणि तिचे केस विंचरून द्यायचे. पहिल्या दिवशी माझ्याकडून फणी दोनदा पडली. महिना सरेपर्यंत मी तिच्याकडून अर्ध्या गावाच्या भानगडी ऐकल्या होत्या आणि महिना संपल्यावरही मी जात राहिले. ज्याला त्याला नाव ठेवू नये असं सगळ्याच आया सांगतात, पण तुला नावाचं फारच होतं. ते किती होतं हे मला आत्ता कुठे, साठी जवळ आल्यावर समजलंय.

तर फोटो बघून ज्यांनी ज्यांनी विचारणा केली त्यांतले एक गृहस्थ खरोखर पेडण्याला आले. कोल्हापूरचे, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांची बहीण म्हापशाला असते. दारात आल्या आल्या त्यांनी साबण मागितला, हात धुतले, स्वतःच्या रुमालाने खडखडीत पुसले आणि मगच चटईवर बसले. मला माणूस तिथेच आवडला. ते सांगत होते आणि मी ऐकत होते. नुसत्या कॉमिकला गिऱ्हाईक एक, पण सिनेमाच्या कॉमिकला दोन, कारण कॉमिकवालेही मागतात आणि सिनेमावालेही. त्यातही भुतांच्या सिनेमाचं असलं तर विचारू नका. "आणि ताई, जेवढा सिनेमा पडेल तेवढं त्याचं कॉमिक महाग," ते म्हणाले. "सिनेमा चालला तर कॉमिक घरोघरी जातं. पडला की न खपलेले गठ्ठे लगद्याला जातात, उरतं ते एखाददुसरं. मराठीतलं तर त्याहून कमी." तुझं शिवणकाम बघून ते हळहळले. मूळच्या पिना काढल्या, पाठीला भोकं पडली, म्हणजे किंमत निम्म्याच्याही खाली, असं त्यांनी सांगितलं. मला जरा राग आला. मी म्हटलं, पिना ठेवल्या असत्या तर आज तुम्हाला बघायला नुसता गंज मिळाला असता. ते हसले, एक पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "एवढी सरळ शिवण मात्र मी नव्या पुस्तकालाही बघितली नाही." मी लगेच दुसऱ्यांदा चहा टाकला.

मग पेटीच्या तळातून त्यांच्या हाताला ते लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्यांसकट गुंडाळलेलं. न शिवलेलं, पिना जागच्या जागी, आतलं पोस्टर घडी न मोडलेलं. गृहस्थांनी हात पुन्हा एकदा रुमालाला पुसले. सिनेमा आठवडाभरही टिकला नव्हता, आणि त्याच्या मराठी कॉमिकविषयी त्यांनी नुसतं ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. त्यांनी पहिलं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे, कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय," ते म्हणाले. कुणीतरी नाही, मी म्हटलं, माझी आई.

त्या पुस्तकाआधीची एक सकाळ सांगते, म्हणजे तुझी माझी आठवण जुळते का ते बघता येईल. शेतांच्या कडेला, ट्रकच्या रस्त्यावर, देवचाराची जागा होती. एक सातविणीचं झाड आणि त्याच्या मुळाशी शेंदूर न लावलेला साधा धोंडा. गावाची शीव राखणारा तो. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा. वर्षातून एकदा सगळ्यांनी त्याला जाडजूड भाकरीचा रोट ठेवायचा, एवढीच त्याची मागणी. रस्ता रुंद झाला तेव्हा सातवीण गेली आणि धोंडाही मातीखाली गेला. लोकांनी चार दिवस कुरकुर केली आणि पुढे ज्याच्या त्याच्या घरात खाणीचाच पगार येत होता म्हणून सगळे गप्प बसले. आपणही. पण रोटाचा दिवस आला तशी तू केळीच्या पानावर रोट घेऊन निघालीस आणि जिथे सातवीण होती असं तुला वाटलं तिथे, भर रस्त्याच्या कडेला, लाल धुळीत उकिडवी बसलीस. मी छत्री धरून मागे उभी. समोरून ट्रकांची रांग आली आणि पहिला ट्रक नेमका बाबांचा. त्यांनी इंजिन बंद केलं. मागचे सगळे भोंगे वाजवायला लागले, कुणी शिव्याही दिल्या. बाबा खाली उतरले, चपला काढल्या, तुझ्या शेजारी उभे राहून हात जोडले आणि तू उठेपर्यंत ट्रकात चढले नाहीत. घरी येताना तू एवढंच म्हणालीस, "तेची जागा गेली. नाव तरी ऱ्हवांदे तेचा."

आणि त्याच वर्षी हा सिनेमा आला. सिनेमा हिंदी होता, त्यात होता आपला नेहमीचा रबरी तोंडाचा सैतान. पण मराठी कॉमिक करणाऱ्याने, बिचाऱ्याला कोकणातला एखादा झणझणीत शब्द हवा असेल, त्या रक्तपित्या सैतानाला ‘देवचार’ करून टाकलं. पानापानावर देवचार माना मोडतोय, देवचार पोरी पळवतोय. तू बसमध्ये वाचायला घेतलंस आणि मुळगाव यायच्या आतच मिटलंस. मला वाटलं तुला गाडी लागली. घरी आल्यावर जेवलीही नाहीस. मापं लिहायच्या वहीची पेन्सिल तू नेहमी अंबाड्यात खोचून ठेवायचीस, ती काढलीस आणि मशीनवर बसून एकोणीस ठिकाणी ‘देवचार’ खोडलास. वर बारीक अक्षरात दुसरे शब्द लिहिलेस. कुठे ‘राकस’, कुठे ‘भूत’, आणि जिथे तो लहान पोराला उचलतो तिथे नुसतं ‘मेलो’. शेवटच्या पानावर त्याला जाळतात. तिथे समासात लिहिलंस, ‘हो आमचो देवचार न्हय. देवचार रोट खाता, रगत खायना.’ मग ते पिशवीत घालून पेटीच्या तळाला ठेवून दिलंस. त्याला मशीन लावली नाहीस, पुन्हा वाचायला काढलं नाहीस. आज ते एवढं कोरं करकरीत राहिलं ते तुझ्या रागामुळे. आवडती होती ती वाचून वाचून पिवळी पडली.

गृहस्थांना मी यातलं काही सांगितलं नाही. ते आपल्या विचारात होते. म्हणाले, शाई असती तर हात जोडून परत गेलो असतो, पण पेन्सिल आहे, मऊ आहे, नीट खोडली तर मागमूस राहणार नाही. मग त्यांनी तसल्या स्वच्छ प्रतीचा आकडा सांगितला. मी दोनदा विचारून घेतला. माझा दोन महिन्यांचा पगार, आई, एका पुस्तकाला. "तुमच्या परवानगीशिवाय मी रबर लावणार नाही," ते म्हणाले. "विचार करा. पुढच्या रविवारी येतो." पुस्तक त्यांनी स्वतःच पिशवीत घालून माझ्या हातात दिलं.

तो आठवडा मी नीट झोपले नाही असं लिहिलं तर तू म्हणशील, नाटकां करू नको. झोपले. पण जागेपणी दुसरं काही डोक्यात नव्हतं. पैसे मला हवे होते. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे, गुडघे बोलायला लागलेत, आणि कुणी काही म्हणो, न मागता आलेला पैसा कुणाला नकोसा होतो? शिवाय मला एक वेगळाच मोह होता. तुझ्या पुस्तकाला एवढी किंमत आली हे मला दादाला सांगायचं होतं, वाड्यावर सांगायचं होतं, आजी जिवंत असती तर तिला आधी. मुलीचं म्हणणं अगदी सरळ होतं. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आजयेन पेन्सिलीन कित्या लिवलांन? खोडूक मेळचा म्हणानच मा?" खोडता यावं म्हणून नाही. अंबाड्यात पेन्सिल होती म्हणून पेन्सिलीने लिहिलं, पेन असतं तर पेनाने लिहिलं असतं, एवढं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ताटावर बसून पोरीला पटवणं वेगळं.

शनिवारी दुपारी ती बाहेर गेल्यावर मी पुस्तक काढलं. टेबलावर रबर ठेवलं होतं, नवं, तिनेच आणलेलं. पहिल्या पानावर तुझं ‘राकस’ होतं. राकसच्या ‘क’ला तू नेहमीसारखी शेपटी जास्त लांब ओढली होतीस. मला एकदम भीती वाटली, आई. खरी भीती, थिएटरातली नव्हे. रबर आज लावणार नाही हे मला कळून चुकलं होतं. पण पावसात गुडघा बसेल, पोरीला कशासाठी तरी पैसे लागतील, तेव्हा मी पुन्हा ही पिशवी उघडेन आणि त्या दिवशी मी एवढी शहाणी असेनच असं नाही. माझ्यानंतर पोरगी उघडेल. पेन्सिल आहे तोवर कुणीही उघडेल आणि कुणीही खोडेल. धोंडा गेला तेव्हा आपण सगळे पगाराकडे बघून गप्प बसलो होतो, हे मला आठवत होतं. मग मी पर्समधून कचेरीतलं निळं पेन काढलं आणि पहिल्या ‘राकस’पासून सुरुवात केली. तुझ्या अक्षरावरून अगदी हळू पेन फिरवलं, शेपटीसकट. मान अवघडली तशी थांबले, पाणी प्याले, पुन्हा बसले. समासातलं मोठं वाक्य सगळ्यात शेवटी केलं. तेव्हा रडले थोडी, पण कागदापासून लांब सरकून.

रविवारी गृहस्थ आले, हात धुतले, बसले. पहिलं पान उघडून त्यांनी ते उजेडाकडे धरलं. "ताई, हे शाईनं कधी झालं?" काल, मी म्हटलं. मुलीने कपाळाला हात लावला. मला वाटलं आता हे उठून जातील, आणि गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "रोट म्हणजे काय हो?" मग मी त्यांना सातवीण सांगितली, रस्ता सांगितला, बाबांच्या चपला सांगितल्या. मुलीनेही ते पहिल्यांदाच ऐकलं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ऐकून झाल्यावर गृहस्थांनी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, आणि दर वेळी छापलेला शब्द सोडून तुझा घेतला. कोल्हापुरी आवाजात ‘मेलो’ असा काही खणखणीत वाजला की माझी पोरगी पोट धरून हसायला लागली. शेवटचं समासातलं वाक्य त्यांना जमेना, तेव्हा ते तिनेच वाचलं. जाताना म्हणाले, याला आता बाजारात कुणी विचारणार नाही. आणि मोरपंखी दोऱ्याचं एक पुस्तक मागून, विकत घेऊन गेले. शिवणीसाठी घेतलं, असं म्हणाले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. एकोणिसांतल्या एका जागी, चौदाव्या पानावर, तुझं अक्षर पुसट झालं होतं. खिडकीशी नेलं, मुलीचं भिंग लावलं, तरी लागलं नाही. रिकामं सोडवेना, म्हणून तिथे मी माझ्याच मनाने एक शब्द घातला. गृहस्थांनी तोही तुझाच समजून वाचला आणि मी काही बोलले नाही. तो शब्द काय ते इथेही लिहीत नाही. तुला तो पटला नसता हे मला नक्की ठाऊक आहे, पण पेनाने लिहिलाय, आता तुलाही खोडता यायचा नाही.